सूर्य पेटवण्याआधीची रंगीत तालीम!

लखनौच्या रायबरेली रस्त्यावर वृंदावन योजना नावाची वसाहत आहे. सेक्टरमागून सेक्टर, त्यात ओळीने घरं, मध्येच उंच इमारती. मे महिन्यातल्या भर दुपारी इथे लाइट गेली की काय होतं, ते चंद्रपूर-नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. कूलरचा पंखा घरघरत थांबतो, आजी पदराने वारा घेऊ लागते आणि बाल्कनीत आलेला गृहस्थ वीज मंडळापासून सरकारपर्यंत सगळ्यांचा उद्धार करतो. विजेची भूक वाढत चाललीय आणि ती भागवण्यासाठी आपण आजही मुख्यत्वे कोळसाच जाळतोय. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. त्याची राख आणि धूर कोणाच्या छातीत जातो, हे चंद्रपूरकरच जाणे.

याच वृंदावन योजनेजवळ संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आहे. तिथे कॅन्सरच्या रुग्णांवर किरणोपचार होतात. ज्यांनी घरात हे दुखणं पाहिलंय, त्यांना ठाऊक असेल. पेशंटला यंत्राखाली झोपवण्याआधी त्याचा स्कॅन काढतात. मग भौतिकशास्त्र शिकलेला माणूस संगणकासमोर बसतो. झोत कुठून मारायचा, किती वेळ मारायचा, गाठ जळेल पण शेजारचा मज्जारज्जू वाचेल ना... हे सगळं आधी पडद्यावर ताडून बघतो. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये २०२३पासून प्रोटॉनच्या झोताने उपचार सुरू झालेत. तिथेही हाच शिरस्ता. ‘आधी मारून बघू, मग ठरवू’ हे माणसाच्या देहाबाबत कोणी करत नाही.

आता कल्पना करा, असाच झोत, पण लाखो पटीने दांडगा, एका कृत्रिम सूर्यावर सोडायचाय! तो इंचभर चुकला तर यंत्राची भिंत वितळणार. बरं, ते यंत्र एकच. उभारायला वीस-पंचवीस वर्षं आणि सात भागीदारांचा पैसा. तिथे तर ‘आधी मारून बघू’ हा प्रकार बिलकूल चालणार नाही. म्हणूनच त्या झोताची रंगीत तालीम संगणकात चाललीय. गेली अनेक वर्षं. आणि या तालमीत आपला भारत प्रेक्षकांत नाही, चांगला रंगमंचावर आहे.

भाभांचं भाकीत आणि काकोडकरांची सही

सूर्य जळत नाही. म्हणजे आपल्या चुलीसारखा जळत नाही. त्याच्या पोटात हायड्रोजनचे अणू प्रचंड दाबाखाली एकमेकांत मिसळतात, त्यातून हेलियम होतो आणि थोडं वस्तुमान ऊर्जेच्या रूपात बाहेर पडतं. हे अणुसंमीलन, म्हणजेच फ्यूजन. आपल्या तारापूर-कैगाच्या अणुभट्ट्यांत नेमकं उलटं घडतं. तिथे युरेनियमचा जड अणू फोडतात. फोडण्यापेक्षा जोडणं बरं, कारण त्यात हजारो वर्षं सांभाळावा लागणारा जहाल कचरा नाही आणि भट्टी हाताबाहेर जाण्याची भीतीही नाही. जरा गडबड झाली की हा सूर्य आपसूक विझतो. त्याचं इंधन म्हणजे ड्युटेरियम आणि ट्रिटियम, हायड्रोजनचीच दोन भावंडं. पहिलं पाण्यात सापडतं, दुसरं लिथियमपासून बनवता येतं.

या स्वप्नाला आपल्या मुंबईचाही हातभार आहे. ऑगस्ट १९५५मध्ये जिनिव्हात अणुशक्तीच्या शांततामय वापरावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. होमी भाभा. येत्या दोन दशकांत माणूस या ऊर्जेवर ताबा मिळवील, असं भाकीत त्यांनी भाषणात केलं. सगळं जग चमकलं. पण १९७५ आलं आणि गेलं. तेव्हापासून ‘फ्यूजनची वीज नेहमी तीस वर्षं दूर असते’ हा शास्त्रज्ञांचा आवडता विनोद झालाय.

विनोद बाजूला ठेवून काम मात्र चालूच राहिलं. आज त्या कामाची सगळ्यात मोठी जागा आहे दक्षिण फ्रान्समधलं कादाराश. तिथे ‘आयटर’ नावाची भट्टी उभी राहतेय. युरोपीय संघ, अमेरिका, रशिया, चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि भारत असे सात भागीदार. बाहेरच्या जगात एकमेकांचं तोंड न बघणारे यातले काही देश इथे एकाच मांडवाखाली राबताहेत. २१ नोव्हेंबर २००६ला पॅरिसमध्ये करार झाला. भारताच्या वतीने त्यावर सही केली अणुशक्ती आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी. गोव्याच्या स्वातंत्र्यसैनिक कमलाताई काकोडकरांचा हा मुलगा रुपारेल आणि व्हीजेटीआयचा विद्यार्थी. भाभांनी पाहिलेल्या स्वप्नावर पन्नास वर्षांनी एका मराठी माणसाने देशाची मोहोर उमटवली.

भारताच्या वाट्याला आलं बांधकामाच्या खर्चाचं सुमारे नऊ टक्के ओझं. ते बहुतांशी रोख रकमेत नाही, वस्तूंच्या रूपात द्यायचं. या भट्टीभोवतीचं ३८५० टनांचं पोलादी पिंप, ज्याला क्रायोस्टॅट म्हणतात, ते लार्सन अँड टुब्रोने सुरतजवळच्या हाजिऱ्यात तुकड्या-तुकड्यांत घडवलं. उंची, रुंदी जवळपास तीस-तीस मीटर. शेवटच्या तुकड्यांची रवानगी २०२०च्या जूनअखेर झाली. आणि भारताच्या यादीतली दुसरी एक वस्तू म्हणजे आपल्या गोष्टीची नायिका... कणांचा एक झोत!

लाल महालात वऱ्हाड!

हा झोत लागतोच कशाला? तर सूर्याकडे त्याचं अवाढव्य वजन आहे. त्या दाबाने दीड कोटी अंशांवर त्याचं भागतं. आपल्याकडे तो दाब नाही. त्याची भरपाई तापमानाने करायची. आयटरमध्ये १५ कोटी अंश सेल्सिअस, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या दहापट! एवढ्या तापमानाला अणू फुटून त्याचा विद्युतभारित वायू होतो. त्याला प्लाझ्मा म्हणतात. कुठल्याच धातूच्या भांड्यात तो ठेवता येत नाही. म्हणून मेदूवड्याच्या आकाराच्या पोकळीत चुंबकाच्या अदृश्य भिंतींनी तो अधांतरी बांधून ठेवतात. या यंत्राचं नाव टोकामाक.

सुरुवातीला प्लाझ्मातूनच वीजप्रवाह खेळवून त्याला तापवतात, आपल्या गिझरच्या कॉइलसारखं. पण प्लाझ्मा जसजसा तापतो तसतसा त्याचा विरोध घटत जातो. दोन-तीन कोटी अंशांच्या पुढे ही युक्ती थकते. चूल धुमसते, पण पेटत नाही. तिथे फुंकणी लागते. बाहेरून अतिवेगवान कण आत सोडायचे. ते आतल्या कणांवर आदळतील आणि आपली ऊर्जा त्यांना देतील.

पण मुळात आत शिरायचं कसं? ज्या चुंबकी भिंती प्लाझ्माला बाहेर पडू देत नाहीत, त्याच भिंती बाहेरच्या विद्युतभारित कणाला आत येऊ देत नाहीत. आणि ज्या कणावर विद्युतभार नाही, त्याला विजेने वेग देता येत नाही. इकडे आड, तिकडे विहीर!

यावरचा तोडगा पुण्याच्या माणसाला लगेच कळेल. १६६३मध्ये लाल महालात शाहिस्तेखान तळ ठोकून होता. शहराला कडेकोट पहारा. तेव्हा शिवरायांची माणसं लग्नाचं वऱ्हाड बनून पुण्यात शिरली, असं सांगतात. हत्यारबंद मावळ्यांना वेशीवर अडवलं असतं. वऱ्हाडाला कोण अडवणार? नेमकी तीच चाल इथे आहे. आधी हायड्रोजनच्या अणूला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटवायचा. तो ऋणभारित झाला की उच्च दाबाच्या विजेने त्याला पळवायचा. पुरता वेग आला की वायूने भरलेल्या एका बोगद्यातून न्यायचा. तिथल्या धक्काबुक्कीत तो जादा इलेक्ट्रॉन गळून पडतो आणि कण भाररहित होतो. वेग कायम, फक्त वेष बदलला. आता चुंबकी पहारा त्याला ओळखत नाही. तो थेट प्लाझ्माच्या पोटात घुसतो. तिथल्या गर्दीत त्याचा वेष उतरतो, तो पुन्हा भारित होतो. पण आता तोच चुंबक त्याला बाहेर पडू देत नाही. मग काय, आत लढणं आलंच!

चाळीसमधले साडेसोळाच पोचतात

ऐकायला सोपं आहे. आता आकडे ऐका. आयटरसाठी असे दोन मोठे झोत ठरलेत. प्रत्येकात दहा लाख व्होल्टचा दाब आणि चाळीस अँपिअरचा प्रवाह. कणांचा वेग सेकंदाला सुमारे ९८०० किलोमीटर. दहा लाख गुणिले चाळीस म्हणजे ४० मेगावॅट. पण प्लाझ्मापर्यंत पोचणार किती? साडेसोळा मेगावॅट.

मग उरलेले साडेतेवीस मेगावॅट जातात कुठे? चोरीला जात नाहीत. ते वाटेत यंत्राच्या भिंतींवरच आदळतात! बोगद्यात शंभरपैकी साधारण साठच कणांचा वेष बदलतो. बाकीच्या चाळीसांना विजेच्या क्षेत्राने बाजूला वळवून पाण्याने थंड राखलेल्या तांब्याच्या पत्र्यांवर उतरवावं लागतं. काही कण जरा तिरपे सुटतात आणि कडेला घासतात. आणि काहींचं सोंग वेशीतच उघडं पडतं. म्हणजे भट्टीच्या तोंडाशी उरल्यासुरल्या वायूशी टक्कर होऊन ते पुन्हा भारित होतात. मग भट्टीच्या चुंबकाचा जो प्रभाव बाहेरपर्यंत सांडलेला असतो, तो त्यांना वळवून नळीच्या भिंतीवर नेऊन आपटतो. कुठल्या भिंतीवर, किती, कुठल्या कोनात? हाच लाखमोलाचा, खरं तर अब्जमोलाचा प्रश्न. एकाच जागी फार उष्णता साठली की तांब्याची नळी फुटणार, पाणी निर्वात पोकळीत शिरणार, भट्टी बंद. आणि भट्टी एकदा खऱ्या इंधनावर चालू लागली की तो भाग किरणोत्सारी होणार. म्हणजे दुरुस्तीला फिटर पाठवायची सोय नाही. यंत्रमानवाकडून लांबूनच काम.

सांडलेल्या प्रत्येक मेगावॅटचा जमाखर्च आधी मांडायला हवा, तो यासाठी.

मॉन्टे कार्लो नावाचा मटका

हा जमाखर्च मांडणारे संगणकी प्रोग्राम म्हणजे या झोताची सिम्युलेशन सॉफ्टवेअर. मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेत युजेनिया द्लुगाच यांनी ‘बीटीआर’ नावाचा प्रोग्राम विकसित केला. आयटरच्या झोतांच्या आखणीत त्याचा वापर झालाय. नाव ‘बीम ट्रान्समिशन’वरून आलंय, म्हणजे झोताची वाहतूक. फिनलंडच्या युव्हॅस्क्युला विद्यापीठातला ‘आयबीसिम्यू’ हा प्रोग्राम कण उगमापासून कसे खेचले जातात ते दाखवतो. अमेरिकेच्या प्रिन्स्टनमधला ‘न्यूबीम’ हा झोत प्लाझ्मात शिरल्यावर काय करतो, ऊर्जा कुठे-कुठे ओततो, ते सांगतो. थोडक्यात, एक वऱ्हाड घरातून निघताना बघतो, दुसरा वाटेत आणि तिसरा लग्नघरी!

हे काम चालतं कसं? यातल्या बऱ्याच प्रोग्रामांच्या मुळाशी एक पत्त्यांचा डाव आहे. १९४६ साली स्टॅनिस्लॉ उलाम हे गणिती आजारातून उठत होते. पडल्या-पडल्या एकट्यानेच पत्ते लावायचे. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढायला गेले, तर गणित काही संपेना. तेव्हा त्यांना सुचलं, सूत्र कशाला? शंभर डाव खेळून बघू, किती सुटतात ते मोजू! त्या पद्धतीला जुगाराच्या अड्ड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावावरून मॉन्टे कार्लो हे नाव मिळालं. गिरणगावात शोध लागला असता तर कदाचित ‘मटका पद्धत’ म्हटलं असतं!

घरीही करून बघता येईल. अंगणात चौकोन आखा. त्यात कडेपर्यंत टेकेल अशी गोल परात ठेवा. पावसाची भुरभुर सुरू झाली की परातीत किती थेंब पडले आणि एकूण चौकोनात किती, ते मोजा. दोन्हींच्या गुणोत्तराला चारने गुणलं की शाळेतला ‘पाय’ हाताशी येतो. दहा थेंबांत उत्तर ओबडधोबड येईल, लाखात सुबक. संगणक थेंबांऐवजी कण सोडतो. प्रत्येक कणासाठी मनातल्या मनात सोंगट्या टाकतो. याचा इलेक्ट्रॉन गळेल का? कुठे गळेल? पुढे वायूशी टक्कर होईल का? झाली तर चुंबक कुठे नेईल? असे कोट्यवधी कण सोडले की यंत्राच्या प्रत्येक भिंतीचा उष्णतेचा नकाशा तयार होतो. लाल डाग म्हणजे धोका, निळं म्हणजे निभावलं.

मग खरी खेचाखेच सुरू होते. झोताची नळी रुंद केली तर कण भिंतीला घासत नाहीत. पण त्याच वाटेने भट्टीतले न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि शेजारच्या चुंबकांना जागाही उरत नाही. अरुंद केली तर न्यूट्रॉन अडतात, पण कडा तापतात. बोगद्यात वायू जास्त सोडला तर वेष बदलणारे वाढतात. पण तोच वायू पुढे पसरून सोंग उघडं पाडतो. झोत पातळ प्लाझ्मावर सोडला तर तो आरपार जाऊन समोरच्या भिंतीला भाजतो. एकीकडे ओढलं की दुसरीकडे उसवतं. ज्या घरात तीन खोल्यांत दोन सुना, सासू-सासरे आणि दहावीचा मुलगा राहतो, तिथल्या गृहिणीला हे गणित सांगायला नको! फरक इतकाच, की इथे कपाट सरकवून बघता येत नाही. जे सरकवायचं, ते पडद्यावरच.

बॅटमन, रॉबिन आणि राखेची मोजदाद

आता आपल्या वाट्याच्या झोताकडे येऊ. आयटरला प्लाझ्मा तापवणाऱ्या झोतांबरोबर एक निदान करणारा झोतही हवाय. डॉक्टरच्या टॉर्चसारखा. संमीलनातून तयार होणारा हेलियम ही या चुलीची राख. ती साचत गेली तर चूल विझते. पण १५ कोटी अंशांच्या पोटात किती राख साचलीय, ते बघणार कसं? तर त्यात हायड्रोजनचा झोत सोडायचा. त्याच्याशी देवाणघेवाण करताना हेलियम ठरावीक रंगाचा प्रकाश टाकतो. तो बाहेरून वाचायचा. हा टॉर्च देण्याची जबाबदारी भारताने उचललीय.

त्याचा दाब एक लाख व्होल्ट, प्रवाह साठ अँपिअर. म्हणजे निघताना सहा मेगावॅट, पण प्लाझ्मापर्यंत दोन मेगावॅटच्या आसपासच. कण सुटतात १२८० बारीक छिद्रांतून आणि सगळ्यांनी सुमारे २१ मीटर लांब जाऊन एकाच अरुंद तोंडातून आत शिरायचं. सेकंदाला चार हजारांहून जास्त किलोमीटर वेगाने! प्रत्येक धार थोडी पसरणारच. ती सात मिलिरेडियनपेक्षा जास्त पसरू नये, असा दंडक आहे. एक मिलिरेडियन म्हणजे किलोमीटरभर गेल्यावर मीटरभर पसरणं. सात म्हटलं तरी २१ मीटरवर पंधरा सेंटिमीटर होतात. वाटतात थोडे, पण तेवढ्यात पत्रा वितळतो.

हे काम चालतं गांधीनगरजवळच्या भाट गावातल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत. १९८२मध्ये अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत प्लाझ्माचा कार्यक्रम सुरू झाला. १९८६मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. प्रा. पी. के. काव हे तिचे संस्थापक संचालक. १९८९मध्ये ‘आदित्य’ हा भारतात बांधलेला पहिला टोकामाक तिथे चालू झाला. अतिवाहक चुंबकांचा ‘एसएसटी-१’ २०१३मध्ये. आयटरमधल्या भारतीय वाट्याचं काम पाहणारा ‘आयटर-इंडिया’ विभागही याच संस्थेचा. शिशिर देशपांडे हे त्याचे प्रकल्प संचालक होते.

या मंडळींना विनोदाचंही अंग आहे. ऋण हायड्रोजन तयार करणारं एक यंत्र जर्मनीत गार्किंगला होतं, त्याचं नाव ‘बॅटमन’. भारतीयांनी त्याची प्रतिकृती गांधीनगरात बांधली. नाव काय ठेवलं असेल? ‘रॉबिन’! इटलीच्या पदुआ शहरात आयटरच्या मोठ्या झोताचा उगम तपासणारं यंत्र आहे, ते ‘स्पायडर’. त्याला लागणारा एक लाख व्होल्टचा वीजपुरवठा आणि झोत झेलणारी ढाल भारताने दिली. आणि आपल्या स्वतःच्या झोतासाठी भाटच्या संस्थेत पूर्ण लांबीची चाचणी-शाळा उभारलीय. संगणकाने सांगितलेलं खरंच घडतं का, ते २१ मीटरच्या वाटेवर पडताळून बघण्यासाठी.

आणि संगणक? कोट्यवधी कणांचा हिशेब घरच्या पीसीवर दिवसेंदिवस रेंगाळतो. तिथे महासंगणक लागतो. १९८०च्या दशकात भारताने तो अमेरिकेकडे मागितला, तेव्हा आपल्याला काय-काय ऐकून घ्यावं लागलं, ते जुन्या वाचकांना आठवत असेल. त्यातूनच १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक जन्माला आली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. आज भाटच्या संस्थेत ‘अंत्या’ हा स्वतःचा महासंगणक आहे, सेकंदाला एकावर पंधरा शून्यं एवढ्या आकडेमोडी करणारा. मागायला दारोदार फिरायचे दिवस सरले.

तालीम म्हणजे प्रयोग नव्हे

पण नाटकवाल्यांना विचारा. तालीम कितीही रंगली तरी पहिल्या प्रयोगाला पडदा अडकतोच.

‘स्पायडर’ २०१८मध्ये सुरू झालं. तेव्हा कण तयार करणाऱ्या रेडिओलहरींनी नको त्या जागी ठिणग्या पडू लागल्या. शेवटी १२८० छिद्रांपैकी बरीचशी झाकून, थोडक्याच धारा सोडून प्रयोग करावे लागले आणि पुढे यंत्र सुधारणेसाठी बंद ठेवावं लागलं. याला अपयश म्हणायचं का? उलट, ही ठेच पदुआत लागली म्हणून कादाराशला लागणार नाही. चाचणी-यंत्र असतं ते यासाठीच. प्रोग्राममध्ये जे घातलेलंच नाही, त्याचं उत्तर प्रोग्राम देत नाही, हा धडा मात्र सगळ्यांनी गिरवला. म्हणून आता प्रत्येक प्रोग्रामचं उत्तर दुसऱ्या प्रोग्रामशी आणि दोघांचंही प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून बघतात.

खुद्द आयटरलाही ठेचा लागल्यात. २०२२मध्ये त्याच्या निर्वात भांड्याच्या भागांत मापाचे फरक आढळले. उष्णतेपासून बचाव करणाऱ्या ढालीच्या पाण्याच्या नळ्यांना तडे सापडले. बसवलेला भाग उचलून बाहेर काढावा लागला. आधी २०२५मध्ये पहिला प्लाझ्मा पेटवायचं ठरलं होतं. जुलै २०२४मध्ये नवं वेळापत्रक जाहीर झालं. त्यानुसार संशोधनाची सुरुवात २०३४मध्ये आणि ड्युटेरियम-ट्रिटियमचं खरं इंधन २०३९मध्ये. आणि हेही लक्षात घ्यायला हवं, की आयटर वीज विकणार नाही. पन्नास मेगावॅट ऊर्जा प्लाझ्मात घालून पाचशे मेगावॅट उष्णता काढून दाखवायची, एवढीच त्याची परीक्षा. बिजलीघर त्याच्या पुढची पायरी.

मग प्रश्न पडतो, ज्या देशात उन्हाळ्यात लाइट जाते, त्याने या लांबच्या सूर्यामागे पैसा घालवावा का? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्याला अडाणी ठरवायचं कारण नाही. छपरावरची सौर तावदानं आजच वीज देतात, स्वस्तही झालीत. आजची तहान त्यांनीच भागवायची. फ्यूजनच्या नावाने आजची विहीर खणायची थांबवणं हा शुद्ध मूर्खपणा ठरेल.

पण दुसरी बाजूही आहे. फ्यूजन आता नुसता विनोद राहिलेला नाही. ब्रिटनमधल्या ‘जेट’ यंत्राने ऑक्टोबर २०२३मध्ये पाच सेकंदांत ६९ मेगाज्युल ऊर्जा काढली. इंधन किती? मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा! त्या प्लाझ्माला तापवण्यात मोठा वाटा अशाच भाररहित झोतांचा होता. हे दार उद्या उघडलं आणि आपण आत नसलो, तर पुन्हा एकदा परक्याच्या दारात किंमत विचारत उभं राहावं लागेल. महासंगणकाच्या वेळी एकदा उभे राहिलो, तेवढं पुरे.

शिवाय हाताला जी कारागिरी लागली, ती वाया जात नाही. हाजिऱ्याच्या वेल्डरने क्रायोस्टॅट जोडताना जी सफाई कमावली, ती पुढच्या कामात येणारच. कणांचा माग काढायची जी पद्धत झोताला वापरतात, तीच कॅन्सरच्या किरणोपचारातही उपयोगी पडते. गाठ जळावी आणि मज्जारज्जू वाचावा, म्हणून संगणकासमोर बसलेला माणूस आणि प्लाझ्मा तापावा पण तांब्याचा पत्रा वाचावा, म्हणून बसलेला माणूस, दोघं एकाच तालमीतले पैलवान!

लातूरच्या पोराने काय करावं?

आपल्याकडे मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटर शिकली की घरात एकच विचार, अमेरिका केव्हा? बँकांचे आणि विमा कंपन्यांचे प्रोग्राम लिहिण्यात कमीपणा नाही. पण ज्याला गणिताची खरी खाज आहे, त्याच्यासाठी ही दुसरी वाट आहे हे त्याला कोणी सांगतच नाही. ‘आयबीसिम्यू’सारखा प्रोग्राम खुला आहे, तो फुकट उतरवून घेता येतो. लातूरच्या किंवा सांगलीच्या कॉलेजातल्या पोराला तो घरबसल्या चालवता येईल. सी-प्लस-प्लस आणि बी.एस्सी.चं विद्युतचुंबकत्व पक्कं असलं की पहिला झोत पडद्यावर सोडता येतो. भाटच्या संस्थेत विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्गही होतात आणि पुढे पीएच.डी.चीही सोय आहे.

२०३९ला खरं इंधन पेटायचं म्हणतात. म्हणजे आज जी मुलगी आठवी-नववीत आहे, ती तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर असेल. कादाराशच्या नियंत्रण कक्षात हेलियमच्या राखेचा आकडा वाचणारी ती असू शकते. आणि तो आकडा दाखवणारा झोत गांधीनगरहून गेलेला असेल.

‘आयटर’ या शब्दाचा लॅटिनमधला अर्थ आहे वाट. मराठीत वाट चालतात, वाट बघतात आणि कधीकधी वाट लागतेही! हा प्रकल्प तिन्हींमधून गेलाय. वृंदावन योजनेतल्या आजीला यंदाच्या मे महिन्यात पदरानेच वारा घ्यावा लागेल, त्यात या सूर्याचा काही इलाज नाही. पण तिच्या नातीने संगणकावर सोडलेला एखादा कण न घासता, न वळता नळीतून आरपार गेला, तर चूल पेटायला एका कणाने का होईना मदत झाली म्हणायची. फुंकणीला दम लागतोच.